मदत हवी आहे: बॉर्डर कॉली चेंडूमागे धावते, पण परत आणत नाही

भिंगरी:
बॉर्डर कॉली जातीचं कुत्रं, मादी, साडेचार महिने. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, फरशी गुळगुळीत. टेनिस बॉल टाकला की सुसाट जाते, मग त्याच्यासमोर पोटावर बसून नुसती टक लावते. उचललाच तर थेट सोफ्याखाली. मागे गेलं की आणखी पळते, काढून घ्यायला गेलं की दात घट्ट. सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास चालू आहे. काय चुकतंय?

आडवाट:
ती बिचारी तिचं काम चोख करतेय! इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरच्या मेंढपाळांनी या जातीत टक लावणं, दबा धरणं, वळसा घालणं हेच निवडून जोपासलं. धरणं-चावणं मागे पाडलं, कारण मेंढीला दात लागून चालत नाही. लॅब्राडोरला तोंडात धरून आणणं उपजत येतं, हिला वेगळं शिकवावं लागेल, आणि तेही शेवटाकडून सुरुवातीकडे.

आधी फेकणं बंद. खाली बसा, खेळणं हातात हलवा. तिने तोंडात घेतलं की एकदाच 'दे' म्हणा, एक सेकंद थांबा, मग नाकाशी पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा न्या. खाऊ आधी दिसला तर ती शब्द ऐकणारच नाही. सोडलं की तुकडा द्या आणि खेळणं लगेच परत तिलाच. सगळे इथेच चुकतात. 'दिलं की गेलं' हे एकदा कळलं, की सोफ्याखालची जागा पक्की.

हे जमलं की खेळणं तुमच्या पायाशी ठेवा, मग एक फुटावर, मग तीन. दहापैकी आठदा हातात आलं तरच अंतर वाढवा. सराव पॅसेजमध्ये, खोल्यांची दारं लावून. तुम्ही उघड्या टोकाला बसा, म्हणजे पळायला वाट तुमच्याकडेच.

उंबरठा:
टेनिस बॉल बाजूला ठेवा. त्याच्या लवेत माती-वाळू अडकते आणि दात घासले जातात. शिवाय या वयात दुधाचे दात पडत असतात, हिरड्या दुखतात, म्हणूनही धरत नसेल. जुन्या सुती टी-शर्टच्या तीन पट्ट्यांची फूटभर वेणी घाला, दोन्ही टोकांना गाठ. दोरे सुटले की फेकून द्या, पोटात गेले तर आतड्यात अडकतात.

टक लावून बसली तर वेणीला सुतळी बांधून जमिनीवरून झटके देत ओढा. हलतं ते कॉली पकडते. पकडल्यावर तुम्ही उलट दिशेला पळा, तिच्या मागे कधीच नाही.

भिंगरी:
दोन सारखी खेळणी वापरली तर? आणि अर्धा तास कमी पडतोय का?

आडवाट:
कमी? फार जास्त! एका वेळी चार-पाच फेकी, दिवसातून दोन-तीनदा, आणि तिला अजून हवं असतानाच थांबायचं. या जातीला चेंडूचं वेड पटकन लागतं. लेझरचा लाल ठिपका तर नकोच, पुढे सावल्यांमागे धावत बसते.

दोन खेळण्यांची युक्ती चांगली, पण ती उचलायला लागल्यावर. पहिलं तोंडात असताना दुसरं हलवा, पहिलं खाली पडलं तरच फेका.

उंबरठा:
आडवाट, फरशीचं राहिलं. सतरंजी घसरते, खाली रबरी मॅट हवी. हाडांची वाढ साधारण वर्ष-दीड वर्षापर्यंत चालते, तोवर उंच उसळी नको, जमिनीलगत घरंगळत फेका.

भिंगरी:
बाहेर कधी न्यायचं?

उंबरठा:
लसी पूर्ण झाल्यावर, आणि पॅसेजमध्ये दहा-बारा फुटांवरून आणायला लागली की. बाहेर पहिल्या दिवशी पुन्हा तीन फुटांपासून. हार्नेसला (छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला) पाच मीटरची दोरी, गळपट्ट्याला नाही. दोरीने ओढून आणायचं नाही, ती फक्त पळून जाऊ नये म्हणून. वेळ सकाळी सातच्या आत. कॉली दमली तरी स्वतःहून थांबत नाही. जीभ रुंद होऊन लोंबली किंवा मागचे पाय लटपटले की खेळ बंद, सावली, पाणी. दहा मिनिटांत सावरली नाही तर डॉक्टरकडे.