मदत हवी आहे: ड्युअल क्रेडिटची नोंद होमस्कूल ट्रान्सक्रिप्टवर कशी करावी?

आम्ही टेक्सासमध्ये राहतो. माझी मुलगी घरीच शिकते आणि ऑगस्टमध्ये अकरावीत जाईल. इथे होमस्कूल ही खासगी शाळाच मानली जात असल्याने तिचा ट्रान्सक्रिप्ट (विषय, गुण आणि क्रेडिट यांची अधिकृत नोंद) मीच तयार करते. टीएसआयए-२ या, कॉलेजच्या विषयांसाठी तयारी आहे का हे तपासणाऱ्या टेक्सासच्या परीक्षेचे गणित आणि इंग्रजी हे दोन्ही भाग ती उत्तीर्ण झाली असून, कम्युनिटी कॉलेजात ड्युअल क्रेडिटने (म्हणजे एकच विषय हायस्कूल आणि कॉलेज दोन्हीकडे मोजला जातो) इंग्लिश कॉम्पोझिशन आणि कॉलेज अल्जिब्रा हे प्रत्येकी ३ सेमिस्टर तासांचे विषय घेण्याचे ठरले आहे. तिथले गुण कॉलेजच्या कायमच्या नोंदीत राहतात, म्हणून पहिल्या सत्रात मुद्दाम दोनच विषय ठेवले आहेत.

अडचण ट्रान्सक्रिप्टची आहे. एका सत्राच्या अशा विषयाला काही पालक हायस्कूलचे पूर्ण एक क्रेडिट देतात, तर काही अर्धेच. कॉलेजच्या सल्लागारांना विचारले असता, तो निर्णय विद्यार्थ्याच्या शाळेचा असतो असे उत्तर मिळाले; म्हणजे चेंडू फिरून माझ्याच अंगणात! एपी परीक्षेसाठी (हायस्कूलमध्ये असतानाच देता येणारी कॉलेज पातळीची परीक्षा) जवळपासच्या शाळा बाहेरचे विद्यार्थी घेत नाहीत, त्यामुळे तो पर्याय कृपया सुचवू नये.

तिला इंजिनिअरिंगला जायचे आहे आणि अर्ज राज्याबाहेरही करायचे आहेत. इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात गणिताची सुरुवात सहसा कॅल्क्युलसपासून होते, हे लक्षात घेता कॉलेज अल्जिब्राचे क्रेडिट पदवीसाठी उपयोगी पडते का, की थेट प्रीकॅल्क्युलस घ्यावे? आणि ज्यांच्या मुलांना असा ट्रान्सक्रिप्ट देऊन राज्याबाहेर प्रवेश मिळाला, त्यांनी एका सत्राच्या विषयाला किती क्रेडिट दाखवले होते?