हेम्प शेतीचं लायसन महाराष्ट्रात खरंच मिळतं का? एजंट म्हणतोय मिळतं

डाळिंबवाला_संगमनेर

राम राम मंडळी. घरची साडेसहा एकर आहे, त्यातली दोन एकर डाळिंब तेल्या रोगामुळे उपटून टाकली आणि आता तिथे काय लावायचं यावर घरात रोज चर्चा. चुलतभाऊ पुण्यात आयटीत आहे, त्याच्या ओळखीने एक जण भेटला, फॉर्च्युनर घेऊन आला होता. तो म्हणे इंडस्ट्रियल हेम्प लावा, गांजा नाही हा, नशा नसते, टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, ०.३ टक्क्याच्या खाली असतं, कापड कागद तेल सगळं होतं, आणि लायसन आम्ही काढून देतो. एकरी ४० हजार भरायचे, बियाणं त्यांचं, माल तेच उचलणार, बायबॅकचा करारनामा स्टॅम्पवर. त्याच्याकडे उत्तराखंडच्या लायसनची झेरॉक्स पण होती आणि मोबाईलवर रतन टाटांनी मुंबईच्या हेम्प कंपनीत पैसे घातले होते ती बातमी दाखवली, ती बातमी खरी आहे मी बघितली.

तर विचारायचं असं की हे लायसन आपल्याकडे नक्की कोण देतं, कलेक्टर की उत्पादन शुल्क की कृषी खातं? आणि समजा शेती जमत नसेल तर यातला दुसरा कुठला कायदेशीर धंदा लायसन काढून करता येतो का, तेल, बी, औषध वगैरे? वडील म्हणतात गांजाच्या नावाने घरात पोलीस आले तर मी विहिरीत उडी मारीन, त्यामुळे जरा नीट सांगा.

काळा_कोट

मी नगरला प्रॅक्टिस करतो, एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या केसेस बघितल्यात. सरळ सांगतो, वडिलांचं ऐका.

१९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या कलम ८ नुसार कॅनाबिसचं झाड लावणं हेच मुळात बंद आहे, मग तुम्ही त्याला हेम्प म्हणा नाहीतर आणखी काही. लायसनला वाट आहे, नाही असं नाही. कलम १० ने राज्य सरकारला परवानगीचे अधिकार दिलेत, आणि कलम १४ खाली फक्त धाग्यासाठी, बियांसाठी किंवा बागायती कारणासाठी लागवडीला सरकार आदेश काढून सूट देऊ शकतं. पण हे सगळं सरकारने ठरवलं तर. उत्तराखंडने ठरवलं, २०१८ पासून तिथे लायसन दिलं गेलं, देशात पहिलं राज्य तेच. महाराष्ट्राने शेतकऱ्यासाठी अशी पॉलिसी काढलेलीच नाही, त्यामुळे कलेक्टर की कृषी खातं हा प्रश्नच येत नाही, ज्याच्यासाठी खिडकीच उघडलेली नाही तिथे एजंट रांगेत नंबर कसा लावणार? आणि उत्तराखंडच्या लायसनची झेरॉक्स संगमनेरच्या सातबाऱ्याला चालत नाही.

विनापरवाना लागवडीला कलम २० खाली १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. जमीन तुमच्या नावावर म्हणजे आरोपी नंबर एक तुम्ही, फॉर्च्युनरवाला नाही. ०.३ टक्के आहे हे कोर्टात सिद्ध करत बसाल तोवर दुसरी डाळिंबाची बाग फळाला येईल. शिरपूरकडच्या गांजाच्या शेतांवरच्या धाडी पेपरात वाचत असालच.

२०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने कलेक्टरला अर्ज केला होता आठवतंय का, बाकी कशाला भाव नाही तर दोन एकर गांजा लावायची परवानगी द्या, १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाली असं धरून लागवड करतो. अर्ज गेला पोलिसांकडे, आणि पोलीस म्हणाले पब्लिसिटी स्टंट आहे. त्या माणसाचं दुखणं खरं होतं हो, पण वाट ती नाही.

कडकनाथ_पीडित

ईमू पाळायची स्कीम झाली. कडकनाथ कोंबडीची झाली. आता हेम्प. पक्षी संपले म्हणून झाडावर आले वाटतं 😀
बायबॅक हा शब्द ऐकला की मी उठून चालायला लागतो, आमच्या इस्लामपूरकडे कोणालाही विचारा.

डोंगरदऱ्या

मी मूळचा साताऱ्याचा, नोकरीमुळे डेहराडूनला आहे, तिकडचं थोडं सांगतो. इकडे भांग, म्हणजे हेच झाड, रानात आपोआप उगवते, लोक बियांची चटणी करून खातात, पहाडी जेवणात ती असतेच, म्हणजे झाड लोकांच्या ओळखीचं आहे आणि सरकारने लायसन पण दिलं, तरी शेतकरी मालामाल झालेत असं मला तरी दिसत नाही. मोठी अडचण ०.३ ची. गावठी बियाणं लावलं की टीएचसी वर जातं, आणि वर गेलं की पीक नष्ट करायचं, त्याची भरपाई कोण देणार. परागकण वाऱ्याने उडतात, आजूबाजूला रानटी भांग असतेच, त्यामुळे या वर्षी बियाणं चांगलं होतं म्हणून पुढच्या वर्षी घरचं बी धरलं की गडबड. शिवाय धागा काढायला, सोलायला मशीन पाहिजे, ते जवळ नसेल तर काड्यांचा भारा जळणाला जातो.

हिमाचलने पण जानेवारी २०२५ मध्ये आधी पायलट स्टडीच मंजूर केला, पालमपूर आणि नौणीच्या विद्यापीठांकडे. म्हणजे ज्यांच्या रानात हे तणासारखं उगवतं ते राज्य सुद्धा आधी विद्यापीठाकडे जातंय आणि तुमचा एजंट थेट डाळिंबाच्या खड्ड्यात लावायला निघालाय. एक मात्र सांगा, त्याने बियाणाचं नाव, व्हरायटी काही सांगितली का?

मीनलताई_पुणे

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते कारण मी हेच करते. शेती नाही, हेम्पच्या बिया आणि तेल, खाण्याचं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, हेम्पच्या बिया, बियांचं तेल आणि बियांचं पीठ हे अन्न म्हणून मान्य केलं. एनडीपीएसच्या व्याख्येतच फुलोऱ्याच्या शेंड्याशिवायच्या बिया आणि पानं धरलेली नाहीत, त्यामुळे बियांच्या मालाला उत्पादन शुल्काचं काही लागत नाही, जे लायसन मसाल्याला पापडाला लागतं तेच फूड लायसन, उलाढालीप्रमाणे बेसिक रजिस्ट्रेशन किंवा स्टेट लायसन. मग जीएसटी, दुकान असेल तर शॉप ॲक्ट, आणि लेबल. बस एवढंच. ऐकायला सोपं वाटतं आणि कागदावर आहेही सोपं, खरी कटकट पुढे आहे.

पहिली गोष्ट लॅब रिपोर्ट. बियांमध्ये टीएचसी किलोला ५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, तेलात १० मिलिग्रॅम. सप्लायर एक जुना रिपोर्ट सगळ्या बॅचला चिकटवून देतो, त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका, स्वतःच्या बॅचचा करून घ्या, पैसे जातात पण झोप लागते. दुसरं, पॅकेटवर नशा होते, झिंग येते असं काहीही सुचवायचं नाही. मी तर पानाचं चित्र पण टाकत नाही, हिरवा रंग पण कमी केला. तरुण मुलांना वाटतं पान टाकलं की खपेल, अरे बाबांनो तेच पान बघून कुरिअरवाला पार्सल बाजूला ठेवतो.

तिसरं पैसे. एका पेमेंट गेटवेने माझं खातं मध्येच बंद केलं होतं, सगळी कागदपत्रं असताना, महिनाभर फक्त यूपीआय आणि कॅश ऑन डिलिव्हरीवर काढला. सोशल मीडियावर जाहिरात टाकली की रिजेक्ट. त्यामुळे माझा माल जास्त करून जिममधून आणि एका डाएटिशियनच्या ओळखीतून जातो, प्रोटीन म्हणून. गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारतं की चढते का हो? नाही म्हटलं की निम्मे निघून जातात, उरलेले निम्मे खरे गिऱ्हाईक. घर चालतं यातून, पण आयटीतल्या चुलतभावाच्या एक्सेल शीटमध्ये जे आकडे असतील ते नाही हं येत.

वैद्य_खेडकर_नाही

मीनलताईंनी खाण्याचं सांगितलं, मी औषधाचं सांगतो. आयुर्वेदात ही विजया, आणि ऑनलाइन सीबीडी (याच झाडातलं नशा न आणणारं द्रव्य) तेल म्हणून जे दिसतं त्यातलं कायदेशीर असतं ते बहुतेक आयुर्वेदिक औषध म्हणूनच असतं. ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स नियमांच्या शेड्यूल ई(१) मध्ये, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत भांग आहे, म्हणून लेबलवर वैद्यकीय देखरेखीखाली घ्या हे लिहावंच लागतं. बनवायला आयुर्वेदिक मॅन्युफॅक्चरिंग लायसन, शेड्यूल टी प्रमाणे जीएमपी (चांगल्या उत्पादन पद्धतीचे नियम), पात्र तंत्रज्ञ, आणि हे सगळं उभं करायला कोटीत खर्च नको असेल तर लोन लायसनचा मार्ग, म्हणजे दुसऱ्याच्या लायसनधारक फॅक्टरीत आपला माल बनवून घ्यायचा.

पण कच्चा माल ही गाठ आहे. भांग, म्हणजे नुसती पानं, एनडीपीएसमध्ये नाही म्हणून लोक मोकळे समजतात, पण आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि त्यात भांग बसते, विनापरवाना बाळगणं सुद्धा गुन्हा. गुजरातला पण तोच जुना मुंबई कायदा होता, त्यांनी २०१७ मध्ये भांग त्यातून काढली, आपण नाही काढली. राजस्थान यूपीत सरकारी भांगेची दुकानं बघून इथे ठेला टाकायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाका. तिकडून पान आणायचं तर दोन्हीकडचे कागद पक्के लागतात. शेतकरी माणसाने एकट्याने यात पडू नये असं माझं मत, पटलं तर घ्या.

गोव्याचो_पाव

गोव्यात होणार होतं ना? औषधी गांजाची शेती?

काळा_कोट

२०२० च्या डिसेंबरमध्ये प्रस्ताव आला होता, विधी खात्याने तपासला पण होता, मग गदारोळ झाला आणि मुख्यमंत्री सावंत म्हणाले निर्णय काही झालेला नाही. तिथेच बसलाय.

एडिसनकर

अमेरिकेतल्या न्यू जर्सीतून लिहितोय. इकडे २०२२ च्या एप्रिलपासून गांजाची दुकानं कायदेशीर उघडली, राज्याचा कमिशन लायसन देतो पण आधी गावाची मंजुरी लागते आणि बहुतेक गावांनी २०२१ मध्येच आमच्याकडे नको असं ठरवून टाकलं, म्हणजे इथे पण सगळी मारामारी गावातल्या जागेची. लिकर शॉपवाले बरेच देशी लोक याच्या मागे आहेत. आपल्या लोकांना एकच सांगणं, एच-१बी व्हिसा किंवा ग्रीन कार्डवर असाल तर यात पैसे पण घालू नका. राज्यात कायदेशीर असलं तरी केंद्राच्या कायद्यात बसत नाही, आणि २०१९ पासून इमिग्रेशनवाल्यांनी स्पष्ट लिहून ठेवलंय की या धंद्यात नोकरी केली तरी सिटिझनशिपला आड येऊ शकतं. सिटिझन झाल्यावर बघा काय ते. विषय जरा भरकटवला, सॉरी.

डाळिंबवाला_संगमनेर

सगळ्यांचे आभार, खरंच. डोंगरदऱ्या दादा, व्हरायटी विचारली तर म्हणाला इम्पोर्टेड आहे, नाव कंपनी सिक्रेट. मग वकील साहेबांनी लिहिलं तसं मी विचारलं की महाराष्ट्र सरकारचा जीआर दाखवा, तर म्हणे मुंबईत सहीला आहे. त्यानंतर फोन लागत नाही. अडचण अशी की चुलतभावाने मला न सांगता १० हजार टोकन ऑनलाइन पाठवून दिलंय.
मीनलताई, बिया तुम्ही कुठून घेता? म्हणजे आपण पुढे कांदा करूच पण भाऊ म्हणतो पॅकिंगचं बघू.

काळा_कोट

ट्रान्सफरचा स्क्रीनशॉट, त्याचे सगळे मेसेज, ती झेरॉक्स, काहीही डिलीट करू नका. भावाला आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला लावा, ऑनलाइन गेलेत म्हणून सायबरकडे पण घेतील. आणि त्याने बियाणं पाठवलं असेल तर पाकीट फोडून पेरून बघायची उत्सुकता दाखवू नका.

मीनलताई_पुणे

उत्तराखंडच्या प्रोसेसरकडून, सोललेल्या. सुरुवातीला पाच किलोच घ्या आणि बॅचचा रिपोर्ट आधी मागा, माल नंतर. लेबल बनवलं की इथे टाका, मी बघते.

कडकनाथ_पीडित

कांद्याचा भाव काय चाललाय संगमनेरला?