प्रमाणपत्र आहे, पण २४ तासांचं काय?

काही जण म्हणतात की आयएसओ २७००१ हे माहिती-सुरक्षेचं प्रमाणपत्र असलं की एनआयएस-२ चं, म्हणजे युरोपीय संघाच्या सायबरसुरक्षा निर्देशाचं, काम आपोआप झालं. अर्धंच खरं. जोखीम-मूल्यांकनाचे कागद कामी येतात, पण घोडं अडतं ते सायबर हल्ल्यासारखी घटना सरकारी यंत्रणेला कळवताना. मोठी घटना लक्षात आल्यापासून २४ तासांत पूर्वसूचना, ७२ तासांत सविस्तर सूचना, त्यानंतर महिन्याभरात अंतिम अहवाल, शनिवार-रविवार धरून. आमच्या एका पाणीपुरवठावाल्या ग्राहकाकडे सरकारी पोर्टलचा लॉगिन एकाच माणसाकडे, आणि तो सुट्टीवर! शिवाय एनआयएस-२ च्या कलम २० नुसार सुरक्षेचे उपाय मंजूर करून देखरेख ठेवायची ती संचालक मंडळानं. आयटीवर ढकलून मोकळं होता येत नाही. आणि पुण्यात बसून अशा युरोपीय कंपन्यांचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांनो, कलम २१ मधली पुरवठा साखळी म्हणजे तुम्हीच. रात्री फोन कोण उचलणार, ते करारातच लिहून घ्या.