अनुभव धागा: कंपनीच्या घरात भाड्याने राहताना

शब्दखुळी
लेकीला सोडून आले काल. विद्यार्थ्यांसाठीच बांधलेली इमारत. बांधणारी आणि चालवणारी कंपनी एकच, घरमालक नावाचा माणूसच नाही. काउंटरवरच्या मुलाने टॅबवर सामानाची यादी पुढे केली: गादी 1, टेबल 1, खुर्ची 1, पडद्याची दांडी 1. लेक न वाचताच सही ठोकत होती, मी हात धरला. "आई, मागे लाइन आहे गं!"

पण मला एकदम माझी खोली आठवली, 407. अशीच यादी, कार्बन लावलेली. मी वाचली नव्हती. सोडताना गादीवरच्या डागाचे पैसे कापले. डाग माझ्या आधीच्या मुलीचा, बहुधा तिच्याही आधीच्या. वर कपाटाची किल्ली हरवली म्हणून कुलूप बदलायचे वेगळे.

काल रात्री जुनी कंपासपेटी उघडली (उगाच, घर रिकामं वाटत होतं) तर किल्ली त्यात. 19 वर्षांनी.

तुमचेही सांगा. राहिलेले, राहात असलेले, पोरांना ठेवलेले सगळे या. कंपन्यांची नावं नकोत, भांडणं होतात.

उंटावरचा
किल्ली परत कर आणि पैसे माग. व्याजासकट.

खुंटी
चौघांचा मिळून एकच करार. दुसऱ्या महिन्यात एकाने कॉलेज सोडलं, गेला. आम्हाला वाटलं त्याचा हिस्सा कंपनी बघेल. कंपनी म्हणे भाडं फ्लॅटचं आहे, कोण राहतं त्याच्याशी आम्हाला काय. सात महिने तिघांनी चौघांचं भाडं भरलं. रिकाम्या खोलीत सायकली ठेवल्या. एवढं महाग सायकल स्टँड कुणी वापरलं नसेल.

निवांत_नाही
@खुंटी, आमचा बेडगणिक करार होता. दुसऱ्याचं भाडं गळ्यात पडत नाही हे खरं, पण रिकाम्या बेडवर कोण येणार ते कंपनी ठरवते. मला मिळालेला प्राणी पहाटे 4 ला डंबेल्स आपटायचा. खालच्या मजल्यावरून तक्रार माझ्या नावाने.

आळशीतारा
घाईत लिहितेय, मशीनला कपडे लावलेत. आमचा धुराचा अलार्म बाथरूमच्या दाराबाहेरच. गरम पाण्याची वाफ बाहेर आली की बोंबलायचा. आत प्रकाशाचा किरण असतो म्हणे, त्याला धूर काय नि वाफ काय. रात्री 2 ला अख्खी इमारत पायजम्यात खाली. नवरा तिथेच भेटला. बाकी नंतर

शब्दखुळी
अगं बाकीच तर हवंय!!

टोपणनाव_सापडेना
माझी इमारत तयारच नव्हती. माहितीपत्रकात जिम, अभ्यासिका, गच्चीवर झोपाळा. प्रत्यक्षात लिफ्टला प्लायवूड. अग्निशमनचा दाखला आला नाही म्हणून तीन आठवडे हॉटेलात काढले, कॉलेज दीड तास लांब. झोपाळा आला शेवटच्या परीक्षेच्या आठवड्यात.

दुसरीबाजू
मी काउंटरच्या पलीकडे होते, तीन वर्षं. शिव्या घालायच्या आधी ऐका.

सत्र संपलं की शनिवारी दुपारपर्यंत इमारत रिकामी आणि नवी मुलं मंगळवारी सकाळी दारात. मधल्या वेळात 260 खोल्या: झाडू-पोछा, रंगाचा हात, गाद्या, कुलपं. तपासणीला एका खोलीमागे पाच मिनिटं मिळाली तर नशीब. त्यात डाग जुना की नवा हे कोण बघतंय? यादीत "ठीक" आहे आणि समोर डाग आहे, कापा.

म्हणून "ठीक" वर सही करू नका. लिहा, "गादी, डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा डाग." फोटो काढा आणि त्याच दिवशी ऑफिसला ईमेल करा. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की त्यातली काढल्या वेळेची नोंद गळून पडते. आणि वापराने होणारी झीज वेगळी, मोडतोड वेगळी. पाच वर्षांपूर्वीचा रंग फिका पडला तर तो तुमच्या माथी मारता येत नाही. आम्ही मारायचो, कारण कुणी विचारायचंच नाही. जो विचारायचा त्याचे गुपचूप परत करायचो.

तिकिटांचं पण सांगते. तक्रार 48 तासांत बंद झाली पाहिजे असा वरून हुकूम. प्लंबर आला, बघून गेला, पार्ट नाही म्हणाला, तिकीट बंद. पुन्हा गळतंय? नवीन तिकीट टाका. एका नळाची सहा तिकिटं मी स्वतः बंद केलीत. अहवालात आमची इमारत पहिली आली होती.

उंटावरचा
म्हणजे माझा नळ तुमच्याकडे होता तर.

दुसरीबाजू
गरम पाण्याचा असेल तर हो 😄 सॉरी दादा.

भिंतीलाकान
बुरशी कुणीच काढली नाही अजून? (दोन्ही अर्थांनी.) कोपऱ्यात काळे ठिपके आले, कंपनीने पत्रक वाटलं की खोलीत कपडे वाळत घालू नका. घालायचे कुठे? ड्रायर दोन, माणसं शंभरावर. बाथरूमचा पंखा दिव्याच्याच बटणावर, दिवा बंद की पंखा बंद. अंघोळ झाल्यावर तो जरा वेळ चालला तरच ओल जाते. म्हणून दिवा चालू ठेवायला लागलो. लगेच दुसरं पत्रक, वीज वाया घालवू नका.

खुंटी
बुरशीवर तिकीट टाकलंत का? 48 तासांत जाईल.

निवांत_नाही
एक चांगलं पण सांगतो. पायाला प्लास्टर होतं तेव्हा रात्रपाळीचे सिक्युरिटीवाले काका रोज बॅग खोलीपर्यंत आणून द्यायचे. कंपनीची नोकरी, पण त्यात हे कुठे लिहिलेलं नव्हतं. वर्षभरात कंत्राट बदललं, काका गेले. मला नाव माहीत होतं, नंबर घेतला नव्हता.

शब्दखुळी
😔

आळशीतारा
आले. कपडे वाळत घातले (खोलीतच). तो पाचव्या मजल्यावरचा. थंडीत माझ्या पायात चप्पल नव्हती, त्याने एक दिली. एकच. दुसरी त्याच्या पायात.

टोपणनाव_सापडेना
अवांतर, पण अर्जंट. उद्या सकाळी 10 ला तपासणी. पोस्टर चिकटवायच्या निळ्या गमचे डाग भिंतीवर राहिलेत. काय करू?

दुसरीबाजू
त्याच गमचा नवा गोळा हलकेच दाबून दाबून उचल. नाही निघाला तर हेअर ड्रायरने जरा गरम कर. खरवडू नकोस.

टोपणनाव_सापडेना
निघाला! थँक्यू ताई.

रंगासकट.