ई-रीडरवरचे यांत्रिक वाचन: विरामचिन्हे असूनही आवाज नको तिथे का थांबतो?

कानसेन (प्रश्न)

ई-रीडरवर पुस्तके ऐकताना विरामांच्या बाबतीत मला सतत त्रास होतो आणि त्याचे मूळ नेमके कुठे आहे, हे कळत नाही. प्रकरणाचे शीर्षक आणि त्याखालचे पहिले वाक्य एका दमात वाचले जाते, त्यामुळे ‘परतीचा प्रवास सकाळी गाडी सुटली’ असे एकच विचित्र वाक्य कानावर पडते. ‘डॉ.’ नंतर मात्र आवाज वाक्य संपल्यासारखा खाली उतरतो, थांबतो आणि पुढचे आडनाव नव्या वाक्याच्या सुरात उच्चारतो. ‘दु:ख’ या शब्दाचे तर दोन तुकडे होतात. तीन टिंबांपाशी कधी काहीच घडत नाही, कधी ‘टिंब टिंब टिंब’ असे चक्क वाचून दाखवले जाते. वेग कमी केला की शब्द लांबतात, पण स्वल्पविरामापाशी हवी तेवढी उसंत काही मिळत नाही. वेगवेगळे आवाज लावून पाहिले. फरक पडतो, परंतु यातल्या काही खोडी सगळ्याच आवाजांत कायम राहतात. विरामांची लांबी ठरवणारी एखादी सेटिंग असते का? नसल्यास दोष कुणाचा धरायचा: पुस्तकाच्या फाइलचा, ॲपचा की आवाजाचा?

अक्षरजुळारी

आवाज बदलूनही जी खोड जात नाही, ती बहुधा आवाजाची नसते, त्यामुळे तुमच्या प्रश्नातच निम्मे उत्तर आहे. पुस्तकातले विरामचिन्ह कानापर्यंत पोहोचण्याआधी तीन ठिकाणांहून जाते आणि प्रत्येक ठिकाणी ते गळू शकते किंवा त्याचा अर्थ बदलू शकतो.

ईपब (ई-पुस्तकांचा प्रचलित प्रकार) फाइल म्हणजे आतून पाहिले तर वेबपानांची गठडीच असते. शीर्षक, परिच्छेद, टीप या सगळ्यांना वेगवेगळे टॅग, म्हणजे न दिसणाऱ्या खुणा, लावलेले असतात. वाचन-ॲप हे टॅग काढून टाकते आणि उरलेला मजकूर आवाजाच्या इंजिनाकडे, म्हणजे मजकुराचे बोलणे करणाऱ्या प्रोग्रामकडे, पाठवते. टॅग काढताना ‘इथे एक भाग संपला’ ही खूण ॲपने जपली नाही, तर शीर्षकाखाली पूर्णविराम नसल्यामुळे ते पुढच्या वाक्याला जाऊन चिकटते. तुमचे ‘परतीचा प्रवास’ असेच घडले असणार. इंजिनाने त्यात काही वावगे केलेले नाही; त्याला मिळालेच तसे.

दुसरी गोष्ट तुकड्यांची. अँड्रॉइडवर इंजिनाला एका वेळी ४,००० पेक्षा जास्त अक्षरचिन्हे देता येत नाहीत. शिवाय चालू वाक्य पडद्यावर रंगवून दाखवायचे असल्यामुळे बहुतेक ॲप मजकूर वाक्यावाक्याने तोडून पाठवतात. अशा वेळी दोन वाक्यांमधला विराम हा पुष्कळदा लेखकाचाही नसतो आणि इंजिनाचाही नसतो. एक तुकडा संपून दुसरा सुरू व्हायला लागणारा तो वेळ असतो. ॲपने ‘डॉ.’ पाशी तुकडा तोडला, तर कितीही चांगला आवाज तिथे वाक्य संपवणारच, कारण पुढे आडनाव येते आहे हे त्याला माहीतच नसते.

उरला इंजिनाचा वाटा. जुन्या, नियमांवर चालणाऱ्या आवाजांत प्रत्येक चिन्हाला ठरलेली शांतता असे: स्वल्पविरामाला थोडी, पूर्णविरामाला जास्त. आताचे न्यूरल आवाज माणसाच्या ध्वनिमुद्रित वाचनावरून विराम शिकतात. म्हणून ‘लाल, निळा, पिवळा’ यातल्या स्वल्पविरामांपाशी ते जेमतेम रेंगाळतात आणि लांबलचक उपवाक्यानंतरच्या स्वल्पविरामापाशी नीट थांबतात. ऐकायला हे बरेच चांगले वाटते, पण ‘स्वल्पविराम म्हणजे इतके मिलिसेकंद’ असे फिरवायचे बटण त्यांच्यात सहसा नसते. ईस्पीक एनजीसारख्या मुक्त इंजिनात शब्दांमधले अंतर १० मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी वाढवता येते. अर्थात त्याचा आवाज पुष्कळांना रुक्ष वाटतो.

दोष कुठे आहे हे ओळखायला अडलेले वाक्य साध्या टिपणात टाइप करून त्याच आवाजाकडून वाचून घ्या. तिथे ते नीट वाचले गेले, तर फाइल किंवा ॲप तपासा. तिथेही अडखळले, तर इंजिन.

शुद्धलेखनी

वरील विवेचन पटले, पण ‘डॉ.’ च्या बाबतीत इंजिनाला इतक्या सहज निर्दोष ठरवू नये. रोमन लिपीत टिंबानंतर लहान अक्षर आले, तर वाक्य संपलेले नाही असा पुरावा यंत्राला मिळतो. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्यामुळे हा पुरावाच उपलब्ध नाही. मग सगळी भिस्त संक्षेपांच्या यादीवर राहते. त्या यादीत ‘डॉ.’ असेल, पण ‘प्रा.’ असेलच असे नाही, आणि ‘इ. स. १८१८’ मध्ये तर दोनदा वाक्य संपल्याचा भास होतो.

‘दु:ख’ तुटते याचे कारण मात्र निखालस फाइलमध्ये आहे. विसर्गाला यूनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-क्रमांकांच्या प्रमाणात, स्वतंत्र स्थान आहे (०९०३), परंतु टाइप करणारे अनेक जण त्याऐवजी कळफलकावरचा अपूर्णविराम (कोलन) दाबतात. डोळ्यांना दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात, म्हणून मुद्रितशोधनातही हे निसटते. यंत्राला मात्र शब्दाच्या मधोमध विरामचिन्ह दिसते आणि ते इमानेइतबारे थांबते.

फाइलला (नक्कल रोखणारे) कुलूप नसेल, तर कॅलिबर या ई-पुस्तके हाताळण्याच्या प्रोग्राममध्ये रूपांतर करताना शोधा-बदला वापरून हे दुरुस्त करता येते. दोन देवनागरी अक्षरांच्या मध्ये, जागा न सोडता आलेला अपूर्णविराम विसर्गात बदलावा. त्यात अंक धरू नयेत, नाहीतर ‘१०:३०’ ची वाट लागेल. शब्दाच्या शेवटी येणारे विसर्ग अधिक त्रासदायक असतात, कारण ‘स्वत:’ आणि ‘उदाहरणार्थ:’ यांतला फरक नियमाने सांगता येत नाही. तिथे ‘स्वत:’, ‘विशेषत:’, ‘सामान्यत:’, ‘पुन:’ अशी यादी करूनच बदल करावा लागतो. काम कंटाळवाणे आहे, पण एकदा केलेली यादी पुढच्या प्रत्येक पुस्तकाला चालते.

तीन टिंबांचेही तसेच. ती कुठे तीन सुटे पूर्णविराम असतात, कुठे मध्ये जागा सोडलेले, तर कुठे लोपचिन्हाचे (…) एकच अक्षर. ऐकण्याच्या प्रतीत सगळीकडे एकच रूप ठेवा आणि कोणते रूप तुमच्या आवाजाला मानवते, ते एका वाक्यावर पाहून घ्या. वर्षांच्या जोडीतल्या संयोगचिन्हाला काही आवाज ‘वजा’ म्हणतात. तिथे ‘ते’ लिहिणे उत्तम.

डोळस कान

तुम्ही पुस्तक स्क्रीन रीडरने (पडद्यावरचे सारे वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामने) ऐकत असाल, तर आणखी एक जागा तपासावी लागेल. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये चिन्हे किती उच्चारायची याची पातळी असते, आणि त्याशिवाय प्रत्येक चिन्हासाठी ‘मूळ चिन्ह इंजिनाकडे पाठवायचे का’ अशी वेगळी निवड असते. ही दुसरी निवड अनेकांच्या लक्षात येत नाही. चिन्ह उच्चारायचेही नाही आणि पाठवायचेही नाही असे ठरले, तर ते वाटेतच नाहीसे होते आणि त्याबरोबर विरामही जातो. ‘टिंब टिंब’ ऐकू येणे आणि विराम गायब होणे या दोन्ही तक्रारी बऱ्याचदा याच संवादचौकटीत मिटतात.

कानसेन

टिपणातली चाचणी केली. शीर्षकाचा गोंधळ तिथे होत नाही, ‘डॉ.’ चा मात्र तिथेही होतो. म्हणजे तुम्ही दोघेही बरोबर ठरलात. एक उपप्रश्न: प्रकाशकाने विराम फाइलमध्येच लिहून ठेवण्याची सोय नाही का? विशेषतः कवितेत, जिथे ओळ संपते पण चिन्ह नसते?

अक्षरजुळारी

कागदावर सोय आहे. एसएसएमएल या, मजकूर कसा बोलायचा ते सांगणाऱ्या खुणांच्या भाषेची १.१ आवृत्ती २०१० मध्ये प्रमाणित झाली. तिच्यात विरामाची लांबी मिलिसेकंदांत किंवा ‘अजिबात नाही’ पासून ‘अतितीव्र’ पर्यंतच्या सहा पातळ्यांत सांगता येते. मात्र २०११ च्या ईपब ३ ने त्यातला फक्त उच्चार सांगण्याचा भाग उचलला. विरामांसाठी सीएसएसच्या (वेबपानांची मांडणी ठरवणाऱ्या भाषेच्या) वाचिक गुणधर्मांवर भिस्त ठेवली. वाचन-ॲपांनी त्यांना फारशी दाद दिली नाही, आणि २०२३ च्या ईपब ३.३ मध्ये हा सगळा भाग मुख्य प्रमाणातून काढून वेगळ्या टिपणात ठेवण्यात आला. प्रकाशकाने मेहनत घेतली, तरी ती तुमच्या कानापर्यंत पोहोचेलच असे नाही.

कवितेच्या ओळी बहुधा परिच्छेदाच्या आत नुसत्या ओळ-खंडाने तोडलेल्या असतात आणि ॲप त्या खंडाची साधी मोकळी जागा करते. ऐकण्याच्या प्रतीत प्रत्येक ओळीच्या शेवटी स्वल्पविराम आणि कडव्याच्या शेवटी पूर्णविराम घाला. जुन्या पद्यात दंड (। आणि ॥) असतील, तर तुमचे इंजिन त्यांना वाक्याचा शेवट मानते का, हे आधी पाहा. मानत नसेल, तर एकेरी दंडाच्या जागी स्वल्पविराम आणि दुहेरीच्या जागी पूर्णविराम घालून घ्या. मूळ फाइल मात्र जशीच्या तशी बाजूला ठेवा.