शंभरच्या आत नाही म्हणून रॅकेट खाली ठेवायची?

बेसलाइन
इटालियन टेनिसपटू जुलिया गात्तो-मोंतिकोनेचं कौतुक आता पुरे. तुरिनची ही बाई एकतिशीपर्यंत छोट्या स्पर्धा खेळत राहिली आणि जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरात एकदाही आली नाही. अशांनी पंचविशीत थांबावं आणि जागा तरुण मुलींना द्यावी. शंभरच्या बाहेर टेनिस हा व्यवसाय नाही, महागडा छंद आहे.

लालमाती
'छंद' या शब्दावर राग आला, म्हणून सविस्तर लिहितो. 2019मध्ये वयाच्या 31व्या वर्षी ती पात्रता फेरीचे तीन सामने जिंकून पॅरिसच्या, म्हणजे फ्रेंच ओपनच्या, मुख्य ड्रॉमध्ये आली. तिचा तो पहिलाच ग्रँड स्लॅम मुख्य ड्रॉ. तिथे अमेरिकेच्या सोफिया केनिनकडून 6-3, 6-3 हरली. लगेच विम्बल्डनला पुन्हा तीन सामने जिंकले, आता गवतावर. पहिल्या फेरीत समोर सेरेना, तीही सेंटर कोर्टवर. निकाल 6-2, 7-5. म्हणजे दुसऱ्या सेटमध्ये 5-5 होतं. आयुष्यभर मातीवर खेळलेल्या मुलीने 161व्या क्रमांकावरून येऊन सेरेनाला तिथवर खेचलं, त्याला छंद म्हणता?

आता हिशेब बघा. पॅरिसच्या पहिल्या फेरीचे 46,000 युरो, विम्बल्डनचे 45,000 पौंड. पंचवीस हजारी, म्हणजे एकूण 25,000 डॉलर बक्षिसाची छोटी स्पर्धा, जिंकली तर एकेरीचे 3,935 डॉलर मिळायचे. पॅरिसचा एक पराभव तेरा विजेतेपदांच्या बरोबरीचा. क्रमवारीचे गुण मात्र तेव्हा सारखेच होते: पंचवीस हजारीच्या विजेतीला 50, आणि स्लॅममध्ये पात्रता पार करून पहिल्या फेरीत हरलं तर 40 अधिक 10. म्हणून दोनशेच्या आसपासची खेळाडू वर्षभर पात्रतेच्या यादीत नाव लागावं म्हणून खेळते. तिचा धंदा तिथे आहे.

बेसलाइन
तुम्हीच माझी बाजू मांडलीत. एका उन्हाळ्याच्या जोरावर दहा-बारा वर्षं चालत नाहीत. पंधरा हजारीत पहिल्या फेरीत हरलात तर 147 डॉलर. धरा, खोलीचे रात्री 60 युरो आणि पाच रात्री. प्रवास, जेवण, गटिंग (रॅकेटच्या तारा ताणून बसवणं) वेगळं. उपांत्य फेरी गाठून 734 मिळाले तरी आठवडा जेमतेम सुटतो. आणि 2019नंतर तिने पुढे काय केलं?

मृण्मयी_डी
बेसलाइन, 2020मध्ये विम्बल्डन झालंच नाही आणि पॅरिस शरद ऋतूत गेलं. ज्या गवतावर तिने कमावलं, तोच मोसम पुसला गेला. हे न सांगता 'पुढे काय' विचारणं बरोबर नाही.

आणि तुमचं 'जागा तरुण मुलींना द्यावी' हेही अर्धवट. इटलीत मुळात स्पर्धाच मुबलक. सार्डिनियात सांता मार्गेरिता दी पुलाला एकाच क्लबात वसंतात आणि पुन्हा शरदात, आठवड्यामागून आठवडा महिलांच्या स्पर्धा होतात. तीन आठवडे मुक्काम हलवायचा नाही. शिवाय सेरी ए-वनचे, म्हणजे इटलीतल्या क्लब लीगचे, सामने आहेत, तिथे क्लब खेळाडूला मानधन देतो. तिशीची खेळाडू तिथे सोळा वर्षांच्या मुलीसमोर उभी राहते, हा त्या मुलीसाठीही सरावच आहे. आपल्याकडे सोलापूर-पुण्याच्या एकदोन आठवड्यांनंतर मुलींना विमानच पकडावं लागतं. खरी अडचण ती आहे, आणि ती कोणी बोलत नाही.

गटवाला
खर्चाच्या यादीत 'गटिंग वेगळं' असं दोन शब्दांत उरकू नका. या दर्जाच्या खेळाडूचं सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. पॉलिएस्टर गट, म्हणजे रॅकेटची तार, तुटत नाही, मरतो. ताण उतरतो, चेंडू बेसलाइनच्या बाहेर जायला लागतो, मग खेळाडू हात आखडते आणि कोपर धरतं. लाल मातीचे कण तारांमध्ये शिरून करवतीसारखे घासतात, त्यामुळे उभ्या तारांना खाचा पडतात. स्लॅममधल्या खेळाडू प्रत्येक सामन्याला ताज्या रॅकेट घेऊन उतरतात. पंधरा हजारीतली मुलगी पैसे वाचवायला तोच गट तीन सामने ओढते.

बेसलाइन
मग स्वस्त रीळ घ्यावी. 200 मीटरच्या रिळीत सोळा रॅकेट होतात.

गटवाला
होतात, रॅकेटला 12 मीटर धरून. पण ताणणार कोण? स्पर्धेतला माणूस प्रत्येक रॅकेटचे पैसे घेतो. म्हणून सार्डिनियाला जाताना जेनोआहून पोर्तो तोर्रेसच्या बोटीवर चढवलेल्या गाडीतच तार ताणायचं यंत्र टाकतात, वजनाच्या दांड्याचं. त्यात दांडा आडवा, अगदी समपातळीत थांबला पाहिजे. खाली झुकला किंवा वर राहिला की ओढ बदलली. दुसरी चूक ताणलेली तार धरून ठेवणाऱ्या चिमट्याची. पॉलिएस्टर गुळगुळीत, चिमटा सैल असला की पहिलीच उभी तार सरकते आणि मधल्या तारांचा ताण दोन-तीन पौंडांनी पडतो. मुलीला वाटतं फोरहँड बिघडला.

लालमाती
हे सार्डिनियात, सांता मार्गेरिता दी पुलाला, जास्त जाणवतं. समुद्रकाठ, संध्याकाळी चेंडू दमट होऊन फुगतो आणि जड होतो. मग किलोभर ताण कमी करतात, 24 वरून 23.

गटवाला
24 किलो म्हणजे आपले 53 पौंड. दुपारचा सामना असेल तर तीच रॅकेट चालणार नाही, ती चेंडू उडवेल. म्हणून दोन वेगळ्या ताणांच्या चार रॅकेट तरी लागतात. स्वस्त रिळीने हे सुटत नाही.

बेसलाइन
आपण गात्तो-मोंतिकोनेबद्दल बोलत होतो. गट, चिमटे, बोटी! मूळ प्रश्नाचं उत्तर कोणाकडेच नाही म्हणून हे चाललंय.

मृण्मयी_डी
उत्तर दिलंय, तुम्ही वाचत नाही. पुन्हा देते. 2019च्या जानेवारीत नियम बदलले आणि पंधरा हजारीला मुख्य क्रमवारीचे गुण मिळणंच बंद झालं. ऑगस्टमध्ये ते परत आणावे लागले. त्याच सात महिन्यांत या बाईने दोन स्लॅमची पात्रता पार केली. तुमच्या मते पंचविशीत थांबायचं, तर इटलीचीच मार्तिना त्रेविसान 2020मध्ये वयाच्या 26व्या वर्षी पॅरिसच्या पात्रतेतून उपांत्यपूर्व फेरीत गेली, तिचं काय? इटलीच्याच जास्मिन पाओलिनीने 28व्या वर्षापर्यंत एकाही स्लॅमची दुसरी फेरी ओलांडली नव्हती. 2024मध्ये पॅरिस आणि विम्बल्डन, दोन्ही अंतिम सामने खेळली. त्याच वर्षी स्पेनमधल्या मालागाला इटलीने बिली जीन किंग चषक, म्हणजे महिलांची देशांची सांघिक स्पर्धा, जिंकला, अंतिम लढतीतला पहिला सामना लुचिया ब्रोन्झेत्तीने काढून दिला. इटलीची भिंत याच मुलींनी बांधलीय.

बेसलाइन
पाओलिनी अपवाद आहे. अपवादावरून नियम काढू नका. त्रेविसानचं मान्य करतो, मधली चार वर्षं खेळाबाहेर जाऊन परत आली होती, तिला वयाचा हिशेब लावणं चुकीचं. पण क्रमांक दोनशेच्या खाली दहा वर्षं राहणाऱ्या शेकडो मुली आहेत, त्यांची नावं इथे कोणी घेत नाही. त्यांना हे तेरा विजेतेपदांचं गणित सांगून खेळत ठेवणं हा अन्याय आहे.

लालमाती
हे मात्र खरं. या एका मुद्द्यावर तुमच्याशी वाद नाही. 147 डॉलरचा आकडाच लाजिरवाणा आहे आणि तो वाढवायला हवा. पण मग दोष आकड्याचा म्हणा, मुलीचा नको. तिला 'थांब' सांगण्याचा हक्क कोणाला?

बेसलाइन
पंचविशी मागे घेतो. तिशी म्हणतो.

लालमाती
पॅरिसला ती 31ची होती.

गटवाला
कोणी विचारलंय म्हणून: चिमटा घसरत असेल तर आधी स्पिरिटने दात पुसा, मग दाब वाढवा. उलट केलंत तर तार चेपते आणि त्याच जागी तुटते.