वैयक्तिक सायबर विमा घ्यावा की नाही? परवापर्यंत उत्तर हवे आहे

उंबरठा
माझ्या बँकेच्या अॅपवर गेले काही दिवस सायबर विम्याची जाहिरात येत आहे. वर्षाला १,४०० रुपये हप्ता आणि ५ लाख रुपयांचे संरक्षण असे तिथे लिहिले आहे. सवलत परवा रात्री संपते. पॉलिसीचे पत्रक २८ पानांचे असून ते सगळे इंग्रजीत आहे, आणि या आठवड्यात ते वाचून काढणे मला शक्य नाही. 'सावध राहणे हाच खरा विमा' अशी उत्तरे कृपया देऊ नयेत, ती मला सोसायटीच्या गटावर रोज सकाळी मिळतात. घ्यावा की घेऊ नये, एवढेच सांगावे.

चौकसराव
विमा नक्की कोणासाठी घेत आहात, एकट्यासाठी की कुटुंबासाठी? व्यवहार कोणत्या प्रकारचे आहेत? शेअर, क्रिप्टो किंवा धंद्याचे व्यवहार त्याच फोनवरून होत असतील तर उत्तर बदलते, कारण बहुतेक पॉलिस्यांत क्रिप्टो, जुगार, गुंतवणुकीतील तोटा आणि व्यवसायाशी संबंधित नुकसान वगळलेले असते. शिवाय जाहिरात बँकेच्या अॅपवर असली तरी विमा बँकेचा नसतो. दावा फेटाळला गेल्यास भांडण विमा कंपनीशी करावे लागते.

कळफलक
मी मागच्या दिवाळीत फोनबरोबरच विमा घेतला होता. काच फुटली तेव्हा निम्मे पैसे मलाच भरावे लागले आणि फोन अकरा दिवस दुरुस्ती केंद्रात पडून राहिला. त्यापेक्षा जाड कव्हर घ्यावे, असे माझे मत आहे.

उंबरठा
मोबाइलच्या काचेविषयी मी विचारलेले नाही. व्यवहार नेहमीचेच आहेत : यूपीआय, नेट बँकिंग आणि काही मुदत ठेवी. क्रिप्टो नाही, धंदा नाही. कुटुंबासाठीच घ्यायचा आहे.

जुना_खातेदार
घेऊ नका. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक फार थोड्या लोकांनी वाचलेले असते. बँकेची किंवा तुमची चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे खात्यातून पैसे गेले आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही बँकेला कळवले, तर तुमची जबाबदारी शून्य असते. चार ते सात कामकाजाचे दिवस लागले तर साध्या बचत खात्यासाठी ती फार तर १०,००० रुपये असते. तक्रार मिळाल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात दाखवली पाहिजे आणि नव्वद दिवसांत तक्रारीचा निकाल लावला पाहिजे. चूक ग्राहकाचीच होती हे सिद्ध करण्याची जबाबदारीसुद्धा बँकेवर आहे. जे संरक्षण फुकट मिळते त्यासाठी हप्ता भरणे मला पटत नाही.

रानजाई
आपण सांगता तो नियम खरा आहे. पण तो तुमची चूक नसेल तरच पूर्ण लागू होतो. माझ्या दिरांना वीजबिल थकल्याचा संदेश आला, त्यांनी फोनवरच्या माणसाला ओटीपी वाचून दाखवला आणि ६२,००० रुपये गेले. ओटीपी स्वतः सांगितला म्हटल्यावर, तक्रार करेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचेच, असे तेच परिपत्रक म्हणते. त्यांच्या पॉलिसीत अशी फसवणूक समाविष्ट होती, म्हणून वजावट जाऊन उरलेले पैसे मिळाले. मात्र त्याला चार महिने लागले. बँक पैसे परत करणार नाही असे तिने लेखी दिल्याशिवाय कंपनी दावा उघडायलाच तयार नव्हती, आणि शाखेतले साहेब तोंडी 'नाही मिळणार हो' एवढेच म्हणत होते. शेवटी तक्रार क्रमांक घालून ईमेल पाठवला, तेव्हा दोन ओळींचे उत्तर आले. त्या दोन ओळींवर सगळा दावा उभा राहिला.

जुना_खातेदार
म्हणजे ओटीपी सांगणाऱ्यांनी विमा घ्यावा. मी माझ्या बँकेशी जोडलेले सिमकार्ड साध्या बटणांच्या फोनमध्ये घालून कपाटात ठेवले आहे. त्या खात्यावर यूपीआय चालत नाही आणि मला नेमके तेच हवे आहे. गेल्या सहा वर्षांत एक रुपयाही गेलेला नाही.

रानजाई
कपाटातल्या फोनवर बँकेचा संदेश आला तर तो वाचणार कोण? आपणच सांगितलेले तीन दिवस तो संदेश मिळाल्यापासून मोजले जातात. फोन साड्यांच्या घडीखाली वाजत राहील आणि मुदत टळून जाईल.

जुना_खातेदार
कपाट माझे आहे, त्यात साड्या नाहीत, आणि मी रोज रात्री फोन बघतो.

चौकसराव
आपल्या दोघांचेही म्हणणे अर्धे बरोबर आहे, तेव्हा कपाट तूर्त बंद ठेवू. उंबरठा, पत्रकाची २८ पाने वाचू नका, तीनच ठिकाणे वाचा : 'कुटुंब' या शब्दाची व्याख्या, अपवादांची यादी, विशेषतः फसून का होईना पण स्वतःच्या हाताने पाठवलेले पैसे धरले आहेत की नाहीत, आणि प्रत्येक प्रकारच्या नुकसानीची वेगळी मर्यादा. ५ लाखांचा आकडा सगळ्या प्रकारांना मिळून असतो, आणि पैशांच्या चोरीसाठी त्यातला लहानसा भागच ठेवलेला असणे नवीन नाही. घटना कळल्यापासून किती वेळात कंपनीला आणि पोलिसांना कळवायचे हेही पॉलिसीगणिक बदलते. आणि कुटुंबात नक्की कोण कोण आहे, हे आपण अजून सांगितलेले नाही.

उंबरठा
विमा वडिलांसाठी हवा आहे. ते साताऱ्याला असतात, मी पुण्यात असतो, आणि त्यांच्या निवृत्तीच्या ठेवी नेट बँकिंगवरून मोडता येतात. मागच्या महिन्यात त्यांना व्हॉट्सअॅपवर एका जुन्या सहकाऱ्याच्या क्रमांकावरून 'लग्नपत्रिका' नावाची फाइल आली. ती एपीके, म्हणजे उघडताच फोनवर अॅप बसवणारी फाइल होती. त्यांनी चष्मा लावून ती तीनदा दाबली, पत्रिका काही उघडली नाही, आणि संध्याकाळपर्यंत ४८,००० रुपये गेले. त्यांनी कोणालाही ओटीपी सांगितला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर तक्रार केली, त्यातले १९,००० कुठल्याशा खात्यात गोठवले आहेत असे कळले. तो विषय संपला आहे म्हणून लिहिला नव्हता.

चौकसराव
हे पहिल्याच ओळीत हवे होते. तो विषय संपलेला नाही.

१९३० वरच्या तक्रारीमुळे पैसे पुढे सरकायचे थांबू शकतात, तेव्हा ते केलेत ते उत्तम झाले. पण बँकेकडे वेगळी लेखी तक्रार करून पोच घेतली का? अशी फाइल फोनवर येणारे संदेश स्वतःच वाचून पुढे पाठवू शकते. ओटीपी सांगणे आणि ओटीपी चोरला जाणे यांत फरक आहे. हा वडिलांचा निष्काळजीपणा होता असे बँक म्हणणारच, पण ते तिने सिद्ध करायचे आहे. तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.

विम्याबद्दल : नवी पॉलिसी आधी घडलेल्या घटनेची भरपाई देत नाही. आपल्या अॅपवरची पॉलिसी आपल्या नावाने निघेल, आणि कुटुंब म्हणजे पती किंवा पत्नी आणि अवलंबून असलेली मुले एवढीच व्याख्या अनेक ठिकाणी असते. आईवडील त्यात असतीलच असे नाही.

रानजाई
आणि तो फोन पूर्ण पुसून नव्याने चालू केला का? नसेल तर आधी तेवढे करा, विमा नंतर.

जुना_खातेदार
ठेवी नेट बँकिंगवरून मोडता येण्याची सोय बंद करता येते का, हे शाखेत विचारून पाहावे. यात कपाट कुठेही येत नाही.

उंबरठा
सर्वांचे आभार. काल रात्री साताऱ्याला आलो. फोन पुसला. बँकेत लेखी तक्रार दिलेलीच नव्हती. १९३० वर सांगितले म्हणजे बँकेला कळले असे आम्ही धरून चाललो होतो. आज दोन प्रती दिल्या आणि एकीवर शिक्का घेतला. तीन दिवसांची मुदत केव्हाच गेली, असे शाखेत लगेच ऐकवले गेले. १९३० वर दुसऱ्याच दिवशी नोंद झाली होती, त्या नोंदीचा क्रमांक आणि तारीख मी तक्रारीतच लिहिली आहे.

जाहिरातीतल्या पॉलिसीच्या व्याख्येत आईवडील नाहीत, तेव्हा ती सवलत गेली तरी हरकत नाही. दुसऱ्या एका कंपनीचा अर्ज वडिलांच्या नावाने भरायला घेतला आहे. त्यात 'यापूर्वी अशा प्रकारचे नुकसान झाले आहे काय' असा रकाना आहे. वडील म्हणाले, नाही लिही, उगाच हप्ता वाढेल. मी 'होय' लिहून तारीख आणि रक्कम घातली आहे. कंपनीचे उत्तर आले की याच धाग्यावर कळवतो.